कार्डावरची रिकामी घरं : बूस्टर डोस कधी, कुणाला आणि का

धारूरच्या घाटात दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. भांडी, पांघरुणं, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लेकरं. आरोग्यसेविका म्हणून बीड जिल्ह्याच्या या भागात माझी तीस वर्षं गेली. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत माझी एक फेरी ठरलेली असायची. ट्रॉलीजवळ जाऊन प्रत्येक आईला विचारायचं, "लेकराचं कार्ड घेतलंस का?" उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं : "समदे डोस झालेत की ताई. नऊ महिन्याचा बी दिलाय."

नऊ महिन्यांचा गोवराचा डोस म्हणजे शेवटचा डोस, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. पण त्याच्यापुढे कार्डावर दीड ते दोन वर्षांची घरं आहेत, पाच वर्षांचं आहे, दहाचं आहे, सोळाचं आहे. ती रिकामी राहतात. मोठ्या माणसांकडे तर कार्डच नसतं. पहिल्या डोसांनी अंगात तयार झालेलं संरक्षण वर्षागणिक उतरत जातं आणि ते उतरलेलं बाहेरून दिसत नाही. ते पुन्हा वर आणणारा डोस म्हणजे बूस्टर. घरातली सगळी कार्डं, दवाखान्याचे कागद समोर घेऊन बसा आणि मग पुढचं वाचा.

पुन्हा टोचायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला आणि तो रास्त आहे. एकदा लस दिली तर तिने काम करायला नको का?

लस टोचली की तिच्यातला जंतूचा निरुपद्रवी अंश जवळच्या गाठींमध्ये पोचतो. दंडावर टोचलं तर काखेतल्या गाठींमध्ये. (काही जणांची काख चार दिवस दुखते ती यामुळे.) तिथे पांढऱ्या पेशींची निवड सुरू होते. ज्यांना तो अंश घट्ट धरता येतो त्या पेशी वाढतात, बाकीच्या गळतात. ही निवड काही आठवडे, कधी काही महिने चालते. म्हणूनच दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं. घाईने दोन्ही उरकून उपयोग नसतो. या निवडीतून दोन गोष्टी हाती लागतात. एक, रक्तात फिरणाऱ्या अँटीबॉडी. दोन, जंतूची ओळख सांभाळणाऱ्या स्मृतिपेशी. अँटीबॉडी हळूहळू कमी होतात. स्मृतिपेशी वर्षानुवर्षं राहतात, पण जंतू पुन्हा आल्यावर त्यांनी जागं होऊन नव्या अँटीबॉडी तयार करायला काही दिवस जातात.

त्या काही दिवसांत जंतू काय करतो, यावर सगळं ठरतं.

कावीळ ब चा विषाणू अंगात शिरल्यावर आजार दिसायला दीड ते सहा महिने घेतो. स्मृतिपेशींना उठून तयारी करायला भरपूर अवधी मिळतो. म्हणून लहानपणी सगळे डोस झालेल्या निरोगी माणसाला सहसा बूस्टर सांगत नाहीत. घटसर्प मात्र दोन ते पाच दिवसांत घसा धरतो. तिथे अँटीबॉडी आधीपासून रक्तात हव्यात. धनुर्वाताचं तर त्याहून अवघड. त्याचं विष इतकं जहाल असतं की माणूस आजारी पडायला लागणारी मात्रा शरीराला त्याची ओळख पटायलाही पुरत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालासुद्धा नंतर लस द्यावीच लागते, कारण आजार होऊन गेल्याने संरक्षण येत नाही. या दोन रोगांना बूस्टर लागतात ते यासाठी.

दुसरा प्रश्न : जंतू रूप बदलतो का? गोवराचा विषाणू बदलत नाही म्हटलं तरी चालेल. साठ वर्षांपूर्वी तयार झालेल्या लसीचे वाण आजही त्याला रोखतात. फ्लूचा विषाणू दर वर्षी थोडा बदलतो. कोविडचा विषाणू कसा बदलत गेला ते आपण पाहिलंच. अशा रोगांमध्ये जुनी ओळख अपुरी पडते आणि लसच नवी करावी लागते. अद्ययावत बूस्टर म्हणतात तो हा.

प्रत्येक लसीला हे दोन प्रश्न लावा. संरक्षण उतरतं म्हणून पुन्हा घ्यायची आहे, की जंतू बदलला म्हणून नवी घ्यायची आहे? पहिल्या प्रकारात वयाचा हिशेब महत्त्वाचा. दुसऱ्या प्रकारात लस कोणत्या वर्षाची आहे ते महत्त्वाचं.

आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. मृगाआधी जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस दर साल टोचून घेतो, लाळ्या-खुरकुताची सहा महिन्यांनी. "औंदा कशाला, गेल्या साली दिली होती की," असं बैलाच्या बाबतीत कुणी म्हणत नाही. एक खुलासा इथेच करते. जनावरांचा घटसर्प आणि माणसांचा घटसर्प यांचं नाव एक असलं तरी जंतू वेगळे, रोग वेगळे. गोठ्यात लस झाली म्हणून घरातल्यांचं संरक्षण होत नाही. हा गोंधळ मी पुष्कळ वस्त्यांवर ऐकला आहे.

कार्ड उघडा, महिने मोजा

माता-बाल संरक्षण कार्डावर लेकराची जन्मतारीख पाहा आणि आज किती महिने झाले ते बोटांवर मोजा. "दीड वर्षाचा असंल" हा अंदाज चालत नाही.

सोळा ते चोवीस महिन्यांच्या टप्प्यात एकाच भेटीत बरंच काही असतं : गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओच्या थेंबांचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा दुसरा डोस. डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांची एकत्र लस.

यातला गोवराचा दुसरा डोस खरं तर उतरलेलं संरक्षण भरून काढण्यासाठी नसतो. नऊ महिन्यांच्या वयात आईकडून आलेल्या अँटीबॉडी काही बाळांच्या अंगात शिल्लक असतात आणि त्या लसीला नीट काम करू देत नाहीत. शंभरातल्या साधारण पंधरा बाळांना पहिल्या डोसने संरक्षण मिळत नाही. कुणाला मिळालं नाही ते बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच दुसरा. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवर उसळला तो अशाच सुटलेल्या लेकरांमध्ये.

आता ऊसतोडीचा हिशेब. जूनमध्ये जन्मलेलं लेकरू पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात सोळा महिन्यांचं होतं आणि त्याच्यापुढच्या जूनमध्ये चोवीस महिन्यांचं. म्हणजे हा सगळा टप्पा बहुतेक उसाच्या फडातच जातो. टोळी गुढीपाडव्याच्या आसपास परत येते तेव्हा हातात जेमतेम दोन-तीन महिने उरतात आणि ते पेरणीच्या तयारीत निघून जातात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांत मे ते जुलैमध्ये जन्मलेल्या लेकरांवर आशाताईंनी वेगळी खूण करून ठेवावी असं मी नव्या मुलींना नेहमी सांगत आले. डिसेंबरात जन्मलेलं लेकरू एप्रिलमध्ये सोळा महिन्यांचं होतं, त्याचं निभतं.

आई-बाप निघायच्या आठवड्यात डोस टाळतात त्याला ठोस कारण आहे. डीपीटीने एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी दुखते, लेकरू किरकिरतं. "फडात लेकरू तापलं तर कुणी सांभाळायचं? खाडा पडतो ताई," असं मला एका आईने सांगितलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या एका खाड्याचे पैसे मी भरून देणार नव्हते. तेव्हापासून मी सांगते : सोळा महिने भरलेले असतील तर निघायच्या किमान आठ दिवस आधी सत्राला या. ताप घरीच येऊन जाईल. भरलेले नसतील तर कार्ड सोबत न्या आणि जिथे कोप (फडाजवळची झोपडी) पडेल तिथल्या उपकेंद्रात डोस घ्या. सांगली असो, कोल्हापूर असो की कर्नाटक; सरकारी लसीकरणात गावाची अट नाही.

उशीर झाला, कार्ड हरवलं

उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबला होतात तिथून पुढे. चोवीस महिने उलटले तरी गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. "आता वय गेलं, सिस्टर रागावतील" या भीतीने कितीतरी आया सत्राकडे फिरकत नाहीत. रागावणाऱ्या सिस्टर असतात, मला माहीत आहे. तरी जा. तुमच्या लेकराचा डोस हा तुमचा हक्क आहे.

कार्ड ट्रंकेत, पेटीत, माहेरी कुठेच नसेल तर उपकेंद्राच्या नोंदवहीत पाहायला सांगा. आशाताईकडे ज्यांचे डोस बाकी आहेत त्यांची यादी असते. आता यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरही नोंद होते, पण ती मोबाईल नंबरावर सापडते. सिमकार्ड दर हंगामाला बदलत असेल तर घरातला जो नंबर टिकतो, आजीचा किंवा मामाचा, तो द्या. नोंद सापडल्यावर नव्या कार्डावर सगळ्या तारखा उतरवून घ्या आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

शाळेच्या वयातली तीन घरं

पाच ते सहा वर्षांचं असताना डीपीटीचा दुसरा बूस्टर. पहिलीत नाव घालतानाच घ्या, म्हणजे लक्षात राहतं. दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प.

टीडीबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या जिभेवर अजून "टीटीचं इंजेक्शन" आहे. टीटीत फक्त धनुर्वाताची लस होती. लहानपणच्या डोसांनी मिळालेलं घटसर्पाचं संरक्षण मोठेपणी ओसरतं आणि मग हा रोग मोठ्या मुलांना, तरुणांना धरू लागतो, हे दिसून आलं. म्हणून २०१९ पासून भारतात टीटीच्या जागी टीडी आली. सुई तेवढीच, संरक्षण दोन रोगांपासून. ही लससुद्धा अद्ययावतच झाली, फक्त तिचा गाजावाजा झाला नाही. खासगी दवाखान्यात गेलात तर "टीटी देताय की टीडी?" असं विचारा.

सोळाव्या वर्षाचा डोस मुलींचा सगळ्यात जास्त राहतो. दहावीनंतर शाळा सुटली की तिची नोंद कुणाकडेच नसते. आयांनो, ही तारीख तुम्ही लक्षात ठेवा.

ज्यांचा पायाच भरलेला नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. देशात लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि सर्व बालकांसाठीचा मोठा कार्यक्रम १९८५ मध्ये. तोही टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांत पोचला. म्हणजे आज जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यातल्या खेड्यातल्या बहुतेकांना लहानपणी डीपीटी मिळालेलीच नाही. देवीची लस टोचल्याची खूण दंडावर असते, तिच्यावरून "लहानपणी समदं टोचलंय" असा समज होतो. ती खूण देवीची आहे. धनुर्वाताशी तिचा संबंध नाही.

अशा माणसाला खिळा लागल्यावर एक इंजेक्शन दिलं तर तो बूस्टर ठरत नाही. ज्याची ओळखच झालेली नाही त्याची आठवण कशी देणार? त्यांना मूळ तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. पुढे दर दहा वर्षांनी एक. घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या, शेतात राबणाऱ्या, गोठा झाडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी एवढं कराच.

याच्या उलट चूकही तितकीच चालते. "सहा महिने झाले, टीटी मारून घेतो" असं म्हणत दर खरचटण्याला सुई घेणारे लोक आहेत. मूळ तीन डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तरच बूस्टर लागतो. शेणामातीने भरलेली, खोल जखम असेल तर पाच वर्षं झाली असतील तर. डोस पूर्ण नाहीत आणि जखम घाण आहे, अशा वेळी लसीबरोबर तयार अँटीबॉडीचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ते डॉक्टरांना विचारा. म्हणून शेवटचा डोस कोणत्या साली घेतला ते कुठेतरी लिहिलेलं हवं.

गरोदरपणी टीडीचे दोन डोस असतात. पहिला डोस दिवस गेल्याचं कळताच, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या बाळंतपणात दोन्ही झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील तर एक बूस्टर पुरतो. आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि नाळ कापल्यापासून पहिले काही आठवडे त्याला सांभाळतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जन्मून आठवडाभरात अंग ताठ होऊन गेलेली बाळं मी पाहिली आहेत. दूध ओढायचं थांबायची आणि दोन दिवसांत सगळं संपायचं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात दवाखान्यातल्या बाळंतपणांइतकाच या सुईचा वाटा आहे.

कुत्रा चावल्यावर

पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचा विषाणू नसांतून सावकाश मेंदूकडे जातो. तो अवधीच आपला बचाव आहे, म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लसही वाचवते. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, तिखट, तेल काही लावू नका. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कातडीत द्यायची लस ० (म्हणजे सुरुवातीचा), ३, ७ आणि २८ या दिवशी. दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त आलेलं असेल तर जखमेत सीरमही (तयार अँटीबॉडी) भरावं लागतं.

इथेही बूस्टरचं गणित आहे. ज्याचा हा सगळा कोर्स आधी पूर्ण झाला आहे त्याला पुन्हा कुत्रा चावला तर दोनच डोस लागतात, ० आणि ३ या दिवशी, आणि सीरम लागत नाही. स्मृतिपेशी तयार असतात. मात्र आधीच्या कोर्सचा कागद दाखवता आला पाहिजे. तो नसेल तर सगळं पहिल्यापासून. तो कागद सातबाऱ्यासारखा जपा.

दर वर्षी बदलणारी लस : फ्लू

फ्लूची लस म्हणजे अद्ययावत बूस्टरचं सगळ्यात जुनं उदाहरण. जगभरातले नमुने तपासून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सांगते. आपल्याकडच्या नमुन्यांचं काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत चालतं.

अद्ययावत म्हणजे दर वेळी भरच पडते असं नाही, काही वेळा काढूनही टाकतात. फ्लूचा यामागाता नावाचा एक गट मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही, म्हणून चार विषाणूंची लस आता तिघांवर आणायला सांगितलं गेलं. पोलिओचंही तसंच. दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक पोलिओ विषाणू जगातून गेला म्हणून २५ एप्रिल २०१६ ला आपल्या थेंबांतून तो वगळला. तेव्हा बऱ्याच बायांनी मला विचारलं होतं, "डोस पातळ केला का?" पातळ केला नव्हता. गेलेल्या शत्रूसाठी पहारा ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, दुसरा थोडा थंडीत. लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून मेच्या शेवटापर्यंत, मृग निघायच्या आत घ्या. साठीच्या पुढची माणसं, गरोदर बायका, दम्याचे, मधुमेहाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर घ्यावीच. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळालाही चालते; नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदा देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस. जिल्हा रुग्णालयात मोफत मिळते का ते आधी विचारा. खासगीत घेताना खोक्यावर छापलेलं वर्ष आणि हंगाम वाचा. गेल्या हंगामातली शिल्लक लस कुणी देत असेल तर घेऊ नका.

आणि अपेक्षा खरी ठेवा. लस आणि विषाणू यांची चांगली जुळणी झालेल्या वर्षी दवाखान्यात जावं लागेल इतक्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. लस घेऊनही सर्दी-ताप आला म्हणजे लस फुकट गेली असं होत नाही. म्हातारं माणूस ऑक्सिजनवर जाण्यापासून वाचतं, ते मोठं आहे.

कोविडचं आता काय?

लसीकरणाची रंगीत तालीम २ जानेवारी २०२१ ला झाली तेव्हा राज्यातल्या चार जिल्ह्यांत आपलं जालनाही होतं. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली, आणि १० जानेवारी २०२२ पासून खबरदारीचा डोस, म्हणजे बूस्टर. मधल्या काळात नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना रेशन, गॅस, पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला होता. आदेशाने माणूस एकदा रांगेत येतो. पुन्हा यायचं तर कारण त्याला पटलेलं लागतं, आणि ते पटवायला आम्ही कमी पडलो असं मला वाटतं.

पहिल्या लसी वुहानमधल्या मूळ विषाणूवर बेतलेल्या होत्या. ओमायक्रॉनने बाहेरचे काटे इतके बदलले की जुन्या अँटीबॉडी नीट चिकटेनात. तरी गंभीर आजार कमी झाला, कारण आजारी पेशींना ओळखून मारणाऱ्या टी पेशी विषाणूचे न बदललेले भागही ओळखतात. पुढे लसी नव्या उपप्रकारांवर बेतल्या जाऊ लागल्या : २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५, २०२४ मध्ये जेएन.१. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने ओमायक्रॉनवर बेतलेली, बिनसुईच्या यंत्राने द्यायची लस जून २०२३ मध्ये आणली. ती साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते, आपल्यासारख्या भागासाठी ही गोष्ट मोठी.

आज निरोगी तरुणाने दर वर्षी कोविडचा डोस घेण्याची घाई करायचं कारण नाही. वयस्कर, प्रतिकारशक्ती कमी असलेले (कर्करोगाची औषधं घेणारे, अवयव बदललेले) आणि जुन्या आजारांचे रुग्ण यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं : मला लागते का आणि सध्या मिळणारी लस कोणत्या उपप्रकारावरची आहे.

हजला जाणाऱ्यांची वेगळी गोष्ट. चार प्रकारच्या जंतूंवरची मेंदूज्वराची लस तिथे पोचायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्राची मुदत लसीच्या प्रकाराप्रमाणे तीन किंवा पाच वर्षं असते. मागच्या वेळचं प्रमाणपत्र आधी तपासा.

सत्राच्या दिवशी

परभणी, नांदेडात मेमध्ये पारा ४३-४४ च्या पुढे जातो आणि लस मात्र २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच जा. कुपीवरचं चिन्ह तुम्हीही पाहू शकता : एक गोल आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती वापरायची नाही. दाखवा म्हटल्यावर चांगली सिस्टर आनंदाने दाखवते.

मेडिकलमधून लस विकत घेऊन, पिशवीत टाकून, मोटरसायकलवर गावाकडे नेऊ नका. उन्हाने ती जशी बिघडते तशीच बर्फाला चिकटून गोठल्यानेही बिघडते. डीपीटी आणि टीडी तर गोठल्यावर कामातूनच जातात. जिथे फ्रिजमध्ये ठेवली आहे तिथेच टोचून घ्या.

साधी सर्दी, थोडे पातळ जुलाब असतील तरी डोस देता येतो. मागच्या डोसनंतर झटके आले होते, अंगावर गांधी उठून श्वास लागला होता, असं काही असेल तर सुई घेण्याआधी सांगा. गरोदर असाल तर तेही सांगा; गरोदर बाईला गोवर-रुबेलाची लस देत नाहीत. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा; गंभीर अ‍ॅलर्जी झालीच तर बहुधा याच वेळात होते आणि तिचं औषध सिस्टरकडे असतं. टोचलेल्या जागी हळद, गरम शेक, मालिश काही नको. तापासाठी किती पॅरासिटामॉल द्यायचं ते लेकराचं वजन सांगून तिथेच लिहून घ्या. लेकरू तीन तासांपेक्षा जास्त एकसारखं किंकाळ्या फोडत असेल, सुस्त पडलं असेल, झटका आला किंवा श्वास लागला तर १०८ ला फोन करा.

निघण्याआधी कार्डावर पुढच्या डोसची तारीख लिहून घ्या. "पुढच्या वेळी सांगते" यावर थांबू नका, तारीखच मागा. फडावर जाणार असाल तर ती तारीख टोळीतल्या लिहिता येणाऱ्या एखाद्या पोराच्या मोबाईलमध्ये आठवण म्हणून लावा, आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, कारण तेवढं एक पाकीट कोपीत कधी हरवत नाही. तिकडे डोस घेतलात तर त्याच कार्डावर तारीख आणि सही घ्या. पाडव्याला परत आल्यावर ते आशाताईला दाखवा, म्हणजे तिच्या यादीतून तुमच्या लेकराचं नाव कमी होईल.